लाखात की हजारात?

मुलीच्या आईने नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर कॅरीबॅग रिकामी केली, तेव्हा त्यातून चार वेगवेगळ्या लॅबचे कागद निघाले. काही घडीवर फाटलेले, एकावर हळदीचा डाग. मुलगी चौदा वर्षांची, सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची, गोंदियाकडच्या गावाहून रात्री आणलेली. ऑगस्ट महिना, बाहेर धो धो पाऊस. तिचे हातपाय इतके दुखत होते की अंगावरची चादरही तिला सहन होत नव्हती.

तिला हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचं औषध सुरू होतं. या औषधाने पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट उतरू शकतात, म्हणून ठरावीक अंतराने सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करावीच लागते, आणि प्लेटलेट ८० हजारांच्या खाली गेल्या तर औषध थांबवतात. ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने कागद तारखेप्रमाणे लावून आकडे एकाखाली एक उतरवले: २१०, १.८, १६५०००, १.१. त्याखाली आमच्या मशीनचा ताजा आकडा: ९६. मग त्याने मला लॅबमध्ये फोन केला. "मॅडम, सॅम्पलची अदलाबदल झाली का? १.१ वरून एकदम ९६?"

पहिली लॅब हजारात लिहीत होती, दुसरी लाखात, तिसरी पूर्ण आकडा, चौथी पुन्हा लाखात. दोन कागदांवर एकक छापलेलंच नव्हतं. सगळं हजारात आणलं तर ते आकडे २१०, १८०, १६५, ११० आणि ९६ होते. सरळ उतार. पण त्या घाईत, त्या कागदावर तो कुणालाच दिसला नाही. आम्ही पुन्हा रक्त घेतलं, स्लाइड केली, पॅथॉलॉजिस्ट सरांना उठवलं. मुलीला काही धोका झाला नाही. दोन तास गेले, आणि तिला आणखी एक सुई टोचावी लागली.

त्याच रात्री दुसरी गोष्ट कळली, आणि ती मला जास्त लागली. सोबत तिचा नऊ वर्षांचा भाऊ होता. आई म्हणाली, "मॅडम, ह्याले पण गोळी सुरू करा लागते का? ह्याचंही पॉझिटिव्हच हाये." आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिलं तर दोघांच्याही नावापुढे तेच: सिकलसेल, होय. पण कॅरीबॅगेतच मुलाचा इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट होता. एएस पॅटर्न. म्हणजे वाहक. त्याला आजार नव्हता. सोल्युबिलिटीची, म्हणजे पहिल्या चाळणीची चाचणी वाहकालाही पॉझिटिव्ह येते आणि आजार असलेल्यालाही. त्या एका शब्दावर शाळेने मुलाला दोन वर्षं खेळाच्या तासाला सावलीत बसवलं होतं. 'होय' आणि 'नाही' असे दोनच पर्याय असलेला तो रकाना आमच्याच रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरमधला होता आणि त्यातलं 'होय' आमच्याच लॅबमधून गेलेलं होतं.

मी नागपुरात बावीस वर्षं लॅबमध्ये काम करते आहे. सध्या धंतोलीतल्या एका मध्यम रुग्णालयात लॅब सांभाळते. पुढच्या फेब्रुवारीत व्यवस्थापनाने सांगितलं की आपल्याला आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी, म्हणजे देशभरच्या दवाखान्यांतल्या नोंदी एकमेकांशी जोडणाऱ्या सरकारी योजनेशी, जोडून घ्यायचं आहे, लॅबकडून कुणीतरी सॉफ्टवेअरवाल्यांसोबत बसा. मी लगेच हो म्हटलं. ती रात्र डोक्यातून गेली नव्हती.

सुरुवातीचं काम सोपं होतं. रुग्णालयाची नोंद देशाच्या आरोग्य सुविधा नोंदवहीत झाली, डॉक्टरांची व्यावसायिकांच्या नोंदवहीत. रिसेप्शनवर पेशंटचा आभा क्रमांक घेणं सुरू झालं. हा चौदा अंकी क्रमांक. २७ सप्टेंबर २०२१ ला हे मिशन देशभर सुरू झालं तेव्हापासून लोकांनी त्याचं नाव ऐकलेलं असतं, पण बऱ्याच जणांना वाटतं की हे विम्याचं कार्ड आहे. तसं नाही. आभा म्हणजे फक्त ओळख, आपले निरनिराळ्या ठिकाणचे कागद एका दोऱ्यात ओवण्यासाठी. कागद ज्या दवाखान्याचे त्याच दवाखान्यात राहतात. पेशंटने संमती दिली की तेवढेच, कुलूपबंद होऊन, मागणाऱ्याकडे जातात. दिल्लीत सगळ्यांच्या रिपोर्टचं एक मोठं गोदाम आहे अशी भीती आमच्या स्टाफमध्येही होती. ती काढायलाच दोन बैठका लागल्या.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. सॉफ्टवेअर कंपनीचा मुलगा पुण्याहून आला होता, पंचवीस-सव्वीसचा, शांत स्वभावाचा. त्याने आमची टेस्ट मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली सगळ्या चाचण्यांची यादी, एक्सेलमध्ये काढून माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "मॅडम, यातलं हिमोग्लोबिन नेमकं कोणतं?" मी यादी पाहिली आणि गप्प बसले. हिमोग्लोबिन सात नावांनी होतं. एचबी. एचबी टक्के. हिमोग्लोबिन सीबीसीतलं. हिमोग्लोबिन तातडीचं. एकाचं एकक ग्रॅम टक्के, एकाचं ग्रॅम प्रति डेसिलिटर, एकाचं रिकामं. इतक्या वर्षांत जो टेक्निशियन आला त्याने आपली एक ओळ वाढवली होती. आम्हाला सातही एकच आहेत हे माहीत होतं. कॉम्प्युटरला कसं माहीत असणार?

इथे लॉइंक कामी येतं. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रेगेनस्ट्रीफ संस्थेने १९९४ मध्ये सुरू केलेली ही चाचण्यांच्या सांकेतिक क्रमांकांची यादी, वापरायला मोफत. प्रत्येक क्रमांकामागे सहा गोष्टी ठरलेल्या असतात: काय मोजलं, कोणत्या रूपात मोजलं (वजन, संख्या की प्रमाण), एका क्षणाचं की काही तासांचं, कोणत्या नमुन्यात, उत्तर आकड्यात की शब्दात, आणि गरज असेल तिथे पद्धत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ७१८-७, मशीनवर मोजलेल्या प्लेटलेटला ७७७-३, सीरमच्या क्रिएटिनिनला २१६०-०. शेवटच्या आडव्या रेघेनंतरचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला तपासणीचा अंक असतो. टंकताना चूक झाली तर बहुतेकदा तिथेच पकडली जाते. मला ही रचना फार आवडली. काहीतरी मोजणाऱ्या माणसांनीच ती बनवली असणार असं सारखं वाटत राहिलं.

साखरेपाशी आम्ही तीन दिवस अडकलो. उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि केव्हाही घेतलेली, असे तीन वेगळे क्रमांक तर कुणालाही पटतात. पण वॉर्डात सिस्टर ग्लुकोमीटरवर बोटाच्या रक्ताची साखर बघतात आणि ती त्याच रकान्यात भरतात जिथे लॅबची प्लाझ्माची साखर येते. लॉइंकमध्ये ग्लुकोमीटरच्या साखरेसाठी ४१६५३-७ हा वेगळाच क्रमांक आहे, कारण ते मोजणंच वेगळं आहे. सिस्टरांना नवा रकाना द्यायचा तर त्यांचं काम वाढतं. त्यांनी विरोध केला, आणि तो रास्त होता. रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती पेशंट असतात ते मी रोज बघते. शेवटी मेट्रन मॅडमनीच मार्ग काढला: वॉर्डाच्या स्क्रीनवर फक्त ग्लुकोमीटरचा रकाना दिसेल, लॅबचा दिसणारच नाही. एका क्लिकचीही वाढ नाही.

मग आकड्यांच्या जागी लिहिलेले शब्द. 'नील', 'ट्रेस', 'एनएडी' (काही दोष आढळला नाही), 'स्मिअरवर पुरेशा'. त्यांचा बंदोबस्त करता आला. घाबरवलं ते शून्याने. रक्त गोठलेलं आलं, नमुना कमी पडला, तर रकाना रिकामा सोडता येत नसे, म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं तिथे ० टाकायची पद्धत होती. छापलेल्या कागदावर खाली पेनने लिहिलेलं असे: नमुना गोठला, पुन्हा पाठवा. कागदावर ते चालत होतं. पण तोच शून्य दुसऱ्या रुग्णालयात गेला असता तर पेनची ओळ मागे राहिली असती आणि प्लेटलेट शून्य हे खरं मानलं गेलं असतं. एफएचआयआर, ज्याला सगळे 'फायर' म्हणतात, ही माहिती पाठवण्याची आजची मांडणी आहे. तिच्यात मूल्य नाही आणि का नाही हे सांगायची स्वतंत्र जागा आहे. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये शून्य टाकणंच बंद केलं. कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. या एका बदलासाठी मी सगळी मेहनत पुन्हा केली असती.

वेळेचंही तसंच. आमचं सॉफ्टवेअर फक्त रिपोर्ट छापल्याची वेळ साठवत होतं. सिकलसेलच्या पेशंटला रक्त चढवलं की त्याच्या रक्तात दात्याचं हिमोग्लोबिन मिसळतं आणि एचबीएसचं, म्हणजे सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचं, प्रमाण खाली येतं. नमुना रक्त चढवण्याआधीचा की नंतरचा हे कळत नसेल तर तो रिपोर्ट दिशाभूल करतो. आता नमुना घेतल्याची वेळ वेगळी आणि रिपोर्ट निघाल्याची वेळ वेगळी जाते.

फेब्रुवारीत सुरू केलेलं हे काम संपता संपता नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, आला. रविवारी धंतोलीच्या गल्ल्या जरा मोकळ्या असतात, म्हणून आम्ही रविवारीच बसत असू. कूलर कितीही जोरात चालला तरी दुपारी दोननंतर त्या खोलीत डोकं चालत नसे. पॅथॉलॉजिस्ट सर सत्तरीला आलेले, पण प्रत्येक ओळ त्यांनी स्वतः वाचून सही केली. लहान मुलांच्या सामान्य मर्यादा मोठ्यांपेक्षा वेगळ्या असतात आणि त्या रिपोर्टसोबतच गेल्या पाहिजेत, हा त्यांचा हट्ट होता. वाढत्या वयाच्या मुलाचं रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम मोठ्या माणसाच्या मर्यादेत बसवून पाहिलं तर निरोगी मूल आजारी दिसतं.

याच काळात कंपनीच्या वरच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, इतकं कशाला? रिपोर्टची पीडीएफ गुंडाळून पाठवली तरी नियमात बसतं. सगळे तेच करतात." नियमाबद्दल तो बरोबर होता, निदान मिशनने ठरवलेल्या अहवालाच्या रचनेत पीडीएफ जोडायची सोय आहेच. जुन्या कागदांसाठी मीही तेच केलं, आणि त्याला मी कमी लेखत नाही. ओल्या कॅरीबॅगेपेक्षा पीडीएफ कधीही बरी. पण पाच लॅबच्या पाच पीडीएफ त्या रात्री त्या निवासी डॉक्टरच्या मोबाइलवर आल्या असत्या तरी त्याला २१०, १.८, १६५०००, १.१ आणि ९६ हेच दिसलं असतं. पीडीएफमधला आकडा माणसालाच वाचावा लागतो आणि त्याचं एककही माणसालाच ओळखावं लागतं. आकडा, त्याचं एकक आणि त्याचा लॉइंक क्रमांक वेगळे गेले तरच दुसरीकडचं सॉफ्टवेअर ते एका रेषेत मांडू शकतं. मी सरांना तो ऑगस्टचा कागद दाखवला. मी तो जपून ठेवला होता. सरांनी कंपनीला कळवलं की नव्या रिपोर्टसाठी पीडीएफही जाईल आणि आकडेही जातील.

मग सिकलसेलचा रकाना. इथे मी पुण्याच्या मुलालाही घाई करू दिली नाही. रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत डी५७.० म्हणजे तीव्र वेदनेच्या झटक्यासह सिकलसेल, डी५७.१ झटक्याविना, डी५७.२ म्हणजे सिकलसेलसोबत दुसरा हिमोग्लोबिन दोष, आणि डी५७.३ म्हणजे निव्वळ वाहक. मध्य भारतातल्या सिकलसेलच्या वाहकतेवर शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख लॅन्सेटमध्ये १९५८ साली छापून आला होता. म्हणजे आपल्या भागात वाहक आणि आजारी यातला फरक तेव्हापासून माहीत आहे. आपल्या देशाने आरोग्य नोंदींची मानकं २०१३ मध्ये जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची मोठी पद्धत २०१४ पासून भारतात वापरायला खुली आहे, तिचं काम पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेतलं राष्ट्रीय केंद्र बघतं. शब्द होते, क्रमांक होते. आमच्या रकान्यात मात्र 'होय' आणि 'नाही' एवढंच होतं.

नवा रकाना पाच पर्यायांचा झाला, आणि सोल्युबिलिटीचा निकाल त्यातून पूर्ण बाहेर काढला. ती चाचणी आहे, निदान नाही. ती चाचणीच्या जागी राहील. प्रश्न उरला जुन्या 'होय'चा. कंपनीने सुचवलं की सगळे 'होय' डी५७.१ करून टाकू, एका आज्ञेत होईल. मी नाही म्हटलं. त्यातला प्रत्येक 'होय' म्हणजे एक माणूस होता, आणि त्यातले कितीतरी त्या नऊ वर्षांच्या मुलासारखे असू शकत होते. आम्ही प्रत्येकाची फाइल काढली. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी आणखी एक चाचणी) किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा कागद सापडला त्यांचा पर्याय बदलला. ज्यांचा नाही सापडला त्यांच्यापुढे 'खात्री झालेली नाही' लिहिलं आणि फोन केले. बरेच नंबर बंद होते. तो पर्याय अजूनही कित्येकांपुढे आहे, आणि तिथे तो असणंच बरोबर आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं उद्दिष्ट आहे. इतक्या लोकांच्या नावापुढे काय लिहिलं जातं याला किती वजन आहे, ते मला त्या फाइली उचलताना कळलं.

माणसं जुळवणं हा वेगळाच प्रश्न. नागपुरात उपचाराला छिंदवाडा, बालाघाट, आदिलाबादकडून लोक येतात. तेच नाव कुणी हिंदी वळणाने लिहितं, कुणी मराठी. जन्मतारीख माहीत नसेल तर १ जानेवारी. मोबाइल शेजाऱ्याचा, जावयाचा, कधी गावच्या आशाताईचा. चाचणीच्या टप्प्यात एकाच मोबाइलवर दोन जावांची नोंद निघाली, नावाचं पहिलं अक्षर सारखं, जन्मवर्ष सारखं. जोडणी भलत्याच बाईशी होणार होती. रिसेप्शनवरच्या ताईने चेहरा ओळखला म्हणून थांबली. तेव्हापासून मोबाइल आणि नाव जुळलं तरी पेशंटला समोर बसवून जुना नोंदणी क्रमांक विचारल्याशिवाय आम्ही जोडत नाही. रांग लांबते. लांबू दे.

पुढच्या भेटीत मी त्या मुलीच्या आईला आभाबद्दल सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मॅडम, गावात कोणाले समजन का? उद्या पोरीचं लग्न करा लागते." मी तिला मोबाइलवर दाखवलं: कोण मागतंय, कशासाठी, कोणत्या प्रकारचे कागद, कोणत्या तारखांमधले, कधीपर्यंत, हे सगळं संमतीआधी दिसतं, नको वाटलं तर नाकारता येतं, दिलेली संमती मागेही घेता येते, आणि आभा घेणं सक्तीचं नाही. हेही सांगितलं की डॉक्टरने एकदा पाहिलेलं त्याच्या डोक्यातून आणि त्याच्या कागदावरून पुसता येत नाही. हे न सांगता तिच्याकडून बटण दाबून घेणं मला जमलं नसतं. तिने नवऱ्याला फोन लावला, खाली जाऊन बराच वेळ बोलली. मग वर येऊन म्हणाली, पोरीचं द्या, आमच्या डॉक्टरला आणि इथल्या डॉक्टरला, एक वर्षासाठी. पोराचं आत्ता नको, त्याले काही झालंच नाही ना. मी मान डोलावली. मुलासाठी मी फक्त एएस पॅटर्नचं मराठी पत्र सरांच्या सहीने शाळेच्या नावाने दिलं, खेळायला हरकत नाही, पाणी भरपूर पिऊ द्या, उन्हात दमवू नका, असं स्पष्ट लिहून.

आमचे पहिले रिपोर्ट मिशनच्या तपासणीत नापास झाले, हेही सांगितलं पाहिजे. वेळेपुढे भारतीय वेळेची साडेपाच तासांची खूण नव्हती. 'ग्रॅम टक्के' हे एकक त्यांच्या यादीत नव्हतं. दोन डॉक्टरांचे नोंदणी क्रमांक जुळत नव्हते. चूक दुरुस्त करायची, पुन्हा पाठवायचं, असं तीन आठवडे चाललं. मग एका मंगळवारी सगळं पार झालं, आणि पुण्याच्या मुलाने रामदासपेठेतून आमच्यासाठी तर्री पोहे आणले.

मुलीच्या गावाजवळची लॅब अजून या जाळ्यात नाही. मी तिथल्या टेक्निशियनला फोन केला. माझ्याच वयाचा माणूस, एकटाच लॅब चालवतो. म्हणाला, "ताई, आमच्याकडे डॉक्टर लोकं लाखातच विचारतात." मी म्हटलं, दादा, लाखातच लिहा, फक्त पुढे 'लाख प्रति घन मिलिमीटर' एवढं छापून घ्या. त्याने प्रिंटरवाल्याला सांगतो म्हटलं, आणि खरंच सांगितलं.

परवा मुलीची आई आली. कॅरीबॅग तीच होती. वरच्या कागदावर लिहिलं होतं: प्लेटलेट १.७४ लाख प्रति घन मिलिमीटर. मी आमच्या स्क्रीनवर २१०, १८०, १६५, ११०, ९६ आणि डोस कमी केल्यानंतरच्या १३२ च्या पुढे १७४ भरलं, आणि स्क्रीन तिच्याकडे वळवली.